बुटकं, रुंद रॉकेट रॉड सोडताच भरकटतंय? या क्रमाने तपासा

लांबट नळी, टोकदार नाक आणि मागे तीन-चार फिन्स (दिशा सांभाळणारे पंख) असलेलं मॉडेल रॉकेट सहसा सरळच वर जातं. दमवतात ती निराळ्या आकाराची किट्स. कार्डाचा शंकू, पिरॅमिड, तबकडी, दोन चकत्यांमध्ये नळी बसवलेलं रीळ, फिन्सऐवजी गोल कडं लावलेलं रॉकेट किंवा एस्टेस कंपनीचा जुना मार्स लँडर, जो पायांवर उभा राहतो. इथे अमेरिकेत आमच्या क्लबच्या मैदानावर अशी रॉकेटं माझ्याकडे येतात तेव्हा तक्रार जवळजवळ एकच असते: रॉडवरून, म्हणजे सुरुवातीला आधार देणाऱ्या उभ्या सळईवरून सुटलं आणि भरकटलं. बहुतेकांनी एक उपाय आधीच केलेला असतो. नाकात क्लेचा गोळा कोंबलेला असतो.

तो गोळा घाईने भरू नका, एवढंच मला कळकळीने सांगायचं आहे. आकार विचित्र दिसतो म्हणून सगळे आकारावर संशय घेतात, पण मी दुरुस्त केलेल्या रॉकेटांत दोष बहुतेक वेळा वेगात निघाला, त्याखालोखाल तोलात. नाकात वजन घातलं की वेग आणखी कमी होतो. म्हणजे मूळ दोष वेगाचा असेल तर उपायानेच त्रास वाढतो.

पुढचं सगळं दुकानात तयार मिळणाऱ्या १८ आणि २४ मिलिमीटरच्या ब्लॅक पावडर मोटरवर उडणाऱ्या किट्सबद्दल आहे.

आधी लक्षण नीट ओळखा

वारा जिकडून येतोय तिकडे रॉकेट रॉड सोडताच कललं आणि मग त्याच तिरक्या रेषेत गेलं, तर ते अस्थिर नाही. मागचा भाग आपलं काम चोख करतोय, फक्त सुटताना वेग कमी पडला. इथे वजन घातलंत तर ते जास्तच कलेल.

दोन-तीन मीटर वर गेलं, नाक फिरलं, शेपूट पुढे आली आणि मोटर जळेपर्यंत हवेत कोलांट्या घेत राहिलं, धुराची वेटोळी दिसली, तर ही खरी अस्थिरता.

वारा कुठूनही असो, रॉकेट दर वेळी स्वतःच्या एकाच बाजूला वळतं? मग काहीतरी वाकडं आहे. खात्री करायची असेल तर ज्या बाजूला लाँच लग (रॉडवर सरकणारी छोटी नळी) आहे ती बाजू पुढच्या उड्डाणाला उलट दिशेला करून ठेवा. रॉकेटही उलट दिशेला वळलं तर वाऱ्याला दोष देणं थांबवा. चढताना नाक हवेत गोल काढत गेलं तरी संशय याच घरातला: फिनला पीळ आहे किंवा मोटर मधोमध नाही.

लहान मोटरवर छान आणि मोठ्या मोटरवर कोलांट्या, हे लक्षण दिसलं तर सरळ खालच्या गुरुत्वमध्याच्या भागाकडे जा.

तबकडीचा एक वेगळा मुद्दा. मोटर विझताच ती हवेत थबकते, डुलते आणि खाली येऊ लागते. हा बिघाड नाही. तिचा हवेला विरोधच इतका मोठा असतो की वेग लगेच संपतो. फक्त मोटरचा डिले, म्हणजे मोटर विझल्यापासून पॅराशूट बाहेर फेकणारा इजेक्शन चार्ज उडेपर्यंतचा वेळ, चुकला की घोटाळा होतो. सी६-५ घातलीत तर इजेक्शन चार्ज पाच सेकंदांनी उडतो आणि तोवर तबकडी जमिनीवर किंवा जमिनीजवळ पोचलेली असते. किटच्या पत्रकात दिलेल्या मोटरपैकी सर्वांत कमी डिलेची निवडा.

फुकटातली तपासणी: फोन, रॉड, लग, क्लिपा

उड्डाणाचा स्लो-मोशन व्हिडिओ घ्या. वारा तुमच्या उजवीकडून डावीकडे किंवा डावीकडून उजवीकडे वाहत असेल अशा जागी, सुरक्षित अंतरावर उभे राहा आणि रॉडचं वरचं टोक चौकटीत ठेवा. पहिला अर्धा सेकंदच महत्त्वाचा. रॉकेट रॉडवर असतानाच अडखळतंय का, रॉडचं टोक हलतंय का, की रॉड सुटल्यावर वळतंय, हे डोळ्याने कधीच कळत नाही.

मग रॉड. प्रत्येक उड्डाणानंतर त्यावर काळी काजळी बसते. बोट फिरवलं की खरखर लागते. बारीक पॉलिश पेपरने रॉड पुसा, लगच्या आतही कागदाची सुरळी फिरवा. आता मोटर न घालता रॉकेट रॉडवर वरून सोडा. ते स्वतःच्या वजनाने सुळकन खाली आलं पाहिजे. अडकत असेल तर बहुधा दोन लग एका रेषेत नाहीत किंवा लगच्या तोंडाशी रंगाचा थर जमला आहे. सर्रास मिळणारा रॉड ३.२ मिलिमीटर जाडीचा आणि साधारण ९० सेंटिमीटर लांबीचा असतो. बारीक रॉकेटला तो पुरतो. रुंद, जड रॉकेट त्यावरून सुटताना रॉड वाकतो आणि सुटता सुटता रॉकेटला बाजूला झटका देतो. लग मोठा असेल तर ४.८ मिलिमीटरचा, १२० सेंटिमीटरचा रॉड घ्या. लांबी एक तृतीयांशाने वाढली की सुटतानाचा वेग साधारण १५ टक्क्यांनी वाढतो. बाकी कशालाही हात न लावता मिळणारा हा सर्वांत स्वस्त वेग आहे.

इग्नायटरच्या, म्हणजे मोटर पेटवणाऱ्या तारेच्या क्लिपाही पाहा. तबकडी आणि पिरॅमिड यांचा तळ पसरट असतो. क्लिप काठाला अडकते, सुटताना वायर ओढली जाते आणि रॉकेट जन्मतःच तिरकं होतं. वायर रॉडच्या बुडाशी टेपने बांधून घ्या, म्हणजे तिचं ओझं रॉकेटवर येत नाही.

आणि वारा. नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्रीच्या सुरक्षा नियमांत कमाल मर्यादा ताशी २० मैल, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटर आहे. निराळ्या आकारासाठी ती मर्यादा विसरा. झाडाची पानं सतत सळसळत असतील तर मी रुंद रॉकेट पेटीतच ठेवतो. सकाळी लवकर उडवा.

मोटरला वजन झेपतंय का

यासाठी फक्त स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा लागतो. मोटर, वाडिंग (पॅराशूट जळू नये म्हणून घालायचा कागद), पॅराशूट, सगळं घालून वजन करा. किटच्या डब्यावर छापलेलं वजन धरू नका. त्यात तुमचा रंग, गोंद आणि डागडुजी नसते.

मोटरवरच्या खुणा वाचायला सोप्या आहेत. अक्षर म्हणजे एकूण जोराचा वर्ग, प्रत्येक पुढच्या अक्षराला मर्यादा दुप्पट: सी १० न्यूटन-सेकंदांपर्यंत, डी २० पर्यंत. पहिला आकडा सरासरी थ्रस्ट (मोटरचा ढकलणारा जोर) न्यूटनमध्ये, शेवटचा डिले सेकंदांमध्ये. आता नियम: सरासरी थ्रस्ट रॉकेटच्या वजनाच्या निदान पाचपट हवा. १०० ग्रॅम म्हणजे ढोबळ मानाने एक न्यूटन. सी६ चे ६ न्यूटन भागिले पाच म्हणजे १.२ न्यूटन, म्हणजे सुमारे १२० ग्रॅम. तेवढं वजन झालं की सी६ ची हद्द संपली. डी१२ ला हाच हिशोब सुमारे २४० ग्रॅमवर येतो. रुंद रॉकेटला हवेचा विरोधही सोसायचा असतो, म्हणून मी या आकड्यांच्या तीन-चतुर्थांशावरच थांबतो.

हे इतकं महत्त्वाचं का? फिन्स असोत की तबकडीची कड, त्यांना हवेचा जोर लागतो तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. अर्ध्या वेगाला पाव जोर. रॉड सुटताना सेकंदाला १३ मीटरच्या आसपास वेग हवा असं सर्वसाधारणपणे धरतात. त्याखाली अगदी स्थिर रॉकेटलाही दिशा सांभाळणं कठीण जातं. १८ मिलिमीटरच्याच मापात सी५-३ ही मोटर मिळते. तिचा सुरुवातीचा धक्का सी६ पेक्षा बराच मोठा असतो. कलण्याचं लक्षण असेल आणि किटच्या पत्रकात ती मोटर दिलेली असेल तर नाकाला हात लावण्याआधी ती वापरून पाहा.

गुरुत्वमध्य: भरलेल्या रॉकेटचा, रिकाम्याचा नव्हे

वजनाचा तोल जिथे साधतो तो गुरुत्वमध्य, म्हणजे सीजी. हवेचा एकूण जोर जिथे लागतो असं मानता येतं तो दाबमध्य, म्हणजे सीपी. सीजी नाकाच्या बाजूला आणि सीपी त्याच्या मागे, एवढं जमलं की रॉकेट कललं तरी हवाच त्याला सरळ करते. उलट झालं की हवाच त्याला उलटं करते.

दोऱ्याचा फास करून भरलेलं रॉकेट आडवं टांगा, फास पुढेमागे सरकवत आडवं स्थिर राहील ती जागा शोधा आणि तिथे पेन्सिलीने खूण करा. इग्नायटर बाहेरच ठेवा. अनेक जण ही खूण मोटर न घालता करतात आणि सगळा हिशोब तिथेच चुकतो. सी६ मोटर साधारण २४-२५ ग्रॅमची, डी१२ चाळीस ग्रॅमच्या पुढची. डी मोटर घातलीत की शेपटीत पंधरा-वीस ग्रॅम जादा बसले. ३० सेंटिमीटरच्या लांब रॉकेटला ते खपून जातं. १५ सेंटिमीटरच्या शंकूत त्याने सीजी बोटभर मागे सरकतो आणि खेळ संपतो. लहान मोटरवर नीट, मोठीवर कोलांट्या, याचं कारण हेच.

शेपटीतला फुकटचा भार शोधा. फिनच्या सांध्यात गोंदाचे जाड थर, मागच्या बाजूला दोनदा मारलेला स्प्रे पेंट, मोटर घट्ट बसावी म्हणून गुंडाळलेली टेपची गादी. तिथून कमी केलेला प्रत्येक ग्रॅम सीजी पुढे आणतो, शिवाय रॉकेट हलकं होतं.

वाकडेपणा

रिकामी जळालेली मोटर मोटर-नळीत बसवा, तिच्यात एक सरळ काडी रोवा आणि रॉकेट हळूहळू फिरवत काडीचं टोक पाहा. टोक गोल काढत असेल तर मोटर तिरकी बसली आहे. कार्डाच्या शंकूत हे फार होतं, कारण मधल्या चकतीचं भोक हाताने कापलेलं असतं. पिरॅमिडमध्ये चारही कडांपासून नळीचं अंतर पट्टीने मोजा. एक-दोन मिलिमीटरचा फरकही बुटक्या रॉकेटला पुरतो.

तबकडी काचेच्या टेबलावर पालथी ठेवा आणि कडेखाली कागदाचा कपटा सरकवत जा. कपटा जिथे सहज जातो तिथे कड उचलली गेली आहे. दमट गॅरेजमध्ये पडलेल्या कार्डाचं हे ठरलेलं आहे. रात्रभर जड पुस्तकांखाली ठेवलं की बऱ्याचदा सरळ होतं, मग दोन्ही बाजूंना पातळ वॉर्निश मारा. एकाच बाजूला मारलंत तर वाळताना पुन्हा वाकेल.

दोरीवरची चाचणी आणि पुठ्ठ्याची आकृती

सीजीच्या खुणेवर दोरी बांधून टेपने पक्की करा, दोन-तीन मीटर दोरी सोडा आणि मोकळ्या मैदानात, आसपास कुणी नसताना, गोफण फिरवतो तसं डोक्यावर फिरवा. सुरुवातीला नाक पुढच्या दिशेला धरा. नाक पुढे ठेवून फिरत राहिलं तर रॉकेट स्थिर आहे, निर्धास्त उडवा. नापास झालं तर मात्र लगेच हताश होऊ नका. वर्तुळात फिरताना नाकाला आणि शेपटीला हवा वेगवेगळ्या कोनातून लागते, त्यामुळे ही चाचणी वास्तवापेक्षा कडक असते.

पुठ्ठ्याची पद्धतही अशीच कडक आणि अशीच स्वस्त. रॉकेटची बाजूने दिसणारी आकृती पूर्ण मापात पुठ्ठ्यावर कापा आणि पट्टीच्या कडेवर तोला. जिथे तोल साधेल ती जागा सीपीचा सावध अंदाज. रॉकेट दोन बाजूंनी वेगळं दिसत असेल तर दोन आकृत्या कापा आणि नाकाच्या जवळ येणारा बिंदू धरा. शंकूच्या बाबतीत ही पद्धत फार सुरेख जुळते: साध्या शंकूचा सीपी टोकापासून दोन-तृतीयांश लांबीवर असतो आणि त्रिकोणी पुठ्ठ्याचा तोलही नेमका तिथेच साधतो. म्हणजे १५ सेंटिमीटरच्या शंकूत सीजी टोकापासून १० सेंटिमीटरच्या आत यायला हवा. मोटर तळाशी असल्यामुळे तो आपसूक येत नाही. तिथे मात्र वजन लागतंच.

आता नाकातलं वजन, पण मोजून

भरलेल्या रॉकेटचं वजन गुणिले सीजी किती पुढे हवा ते अंतर, भागिले नव्या सीजीपासून नाकातल्या वजनापर्यंतचं अंतर. रॉकेट ९० ग्रॅम, सीजी २ सेंटिमीटर पुढे हवा, वजन नव्या सीजीच्या १५ सेंटिमीटर पुढे बसणार. ९० गुणिले २ भागिले १५, म्हणजे १२ ग्रॅम. आता रॉकेट १०२ ग्रॅमचं झालं. हा आकडा घेऊन पाचपटीच्या नियमाकडे परत जा. सी६ ला हे अजून चालतं, पण माझ्या तीन-चतुर्थांशाच्या हद्दीपलीकडे गेलं.

सूत्रातला भाजक लहान झाला की वजन भराभर वाढतं, म्हणूनच बुटक्या रॉकेटांत हा उपाय महाग पडतो. वजन शक्य तितकं टोकाशी बसवा आणि इपॉक्सीने बंद करा. नुसती दाबलेली क्ले उन्हात सुटते आणि इजेक्शनच्या झटक्याने मागे सरकते. पुढचं उड्डाण पुन्हा कोलांट्या घेतं आणि कारण बाहेरून दिसतच नाही.

मोटर-नळी थोडी पुढे सरकवूनही सीजी पुढे येतो. मात्र मोटरचं तोंड नळीच्या आत एका व्यासापेक्षा खोल गेलं की थ्रस्ट मोठ्या प्रमाणावर घटतो. याला क्रुशनिक परिणाम म्हणतात. तेवढं खोल कधीच नेऊ नका.

संगणक नापास करतोय, तरी थांबा

ओपनरॉकेट हा मोफत प्रोग्रॅम सांपो निस्कानेन यांच्या २००९ च्या हेलसिंकीतल्या पदव्युत्तर प्रबंधातून आला. त्याचा पाया जेम्स बॅरोमन यांची समीकरणं. नासाच्या गॉडार्ड केंद्रात काम करणाऱ्या बॅरोमन यांनी ती १९६६ मध्ये हौशी रॉकेटवाल्यांसमोर मांडली. ती सडपातळ रॉकेटसाठी आणि लहान कोनांसाठी आहेत. रुंद बुडामागे हवेची जी ओढ तयार होते ती त्यांत धरलेली नाही, आणि बुटक्या रॉकेटला सरळ ठेवण्यात तिचा वाटा मोठा असतो. म्हणून पत्रकाप्रमाणे बांधलेलं चांगलं किटही पडद्यावर अस्थिर दिसतं.

यावर हौशी मंडळींत रूढ असलेली युक्ती अशी: लांबी व्यासाच्या दहापटीपेक्षा कमी असेल तर रॉकेटच्या बुडाला एक खोटा, वजनशून्य शंकू जोडायचा. टोक रॉकेटकडे, रुंद तोंड मागे. तोंडाचा व्यास रॉकेटएवढा आणि लांबी त्या व्यासाच्या ३.१४ पट. ७ सेंटिमीटर रुंद रॉकेटला २२ सेंटिमीटरचा शंकू. यातून मिळालेला सीपी स्थिरतेपुरता वापरा. उंचीचा अंदाज काढताना शंकू काढून टाका. पिरॅमिड आणि एका बाजूने बोजड आकारांना हा हिशोब लागूच होत नाही. तिथे पुठ्ठा आणि दोरीवरच विसंबा.

एवढ्यावरही जमत नसेल तर शेवटचा मार्ग उरतो तो मागचा भाग बदलण्याचा: फिन्स मोठ्या करणं, किंवा आकार बिघडू नये म्हणून पारदर्शक प्लास्टिकच्या जादा फिन्स लावणं. प्रतिकृती बनवणारे हेच करतात आणि चार पावलांवरून त्या दिसतही नाहीत. वेळखाऊ काम आहे. फिन जोडताना नळी सोलली तर किट कायमचं जातं, म्हणून ते शेवटी.

इथे थांबा

वजन घालून, तोल तपासूनही पुन्हा कोलांट्या घेतल्या तर तिसऱ्यांदा उडवू नका. क्लबच्या रेंज सेफ्टी ऑफिसरला दाखवा. चाचणी न झालेलं रॉकेट उडवायचं तर प्रेक्षकांना आधी सांगून लांब नेणं हा नियमच आहे. डी पर्यंतच्या मोटरला किमान अंतर १५ फूट, त्यापुढे ३० फूट, आणि स्थिरतेची खात्री नसेल तर त्याहून बरंच जास्त.

बटण दाबूनही पेटलं नाही तर लाँच कंट्रोलरची सुरक्षा किल्ली काढा आणि पूर्ण ६० सेकंद कुणालाही जवळ जाऊ देऊ नका.

मोटरची केसिंग फुटली असेल, मोटर-नळी जळून मऊ पडली असेल तर ते रॉकेट उड्डाणातून बाद. पडलेली, भिजलेली किंवा उन्हात गाडीच्या डिकीत तापलेली मोटर वापरू नका. आतल्या पावडरला चीर पडते आणि मोटर फुटते. जोर वाढवायला मोटर कोरणं, फटाक्यातली दारू नळीत भरणं, हे कुणीही, कधीही करू नये. किट भारतात भाच्याला भेट न्यायचं असेल तर खुशाल न्या, मोटर मात्र चेक-इन किंवा हातातल्या, कुठल्याच बॅगेत चालत नाही. भारतात स्फोटकांचे परवाने पाहणाऱ्या पेसोचं मुख्यालय नागपूरला आहे. तिथल्या नियमांची विचारणा आधी करा.

रॉकेट विजेच्या तारांवर अडकलं तर काठीने, दोरीने, शिडीने, कशानेही काढायला जाऊ नका. वीज कंपनीला फोन करा. गवत पेटलं आणि हाताशी असलेल्या पाण्याने लगेच विझलं नाही तर ९११.

वजन वाढत वाढत १,५०० ग्रॅमपलीकडे किंवा मोटर ‘जी’ वर्गापलीकडे जाऊ लागली तर ते मॉडेल रॉकेट उरत नाही. एच वर्गापासून प्रमाणपत्र लागतं. ते क्लबमधल्या अनुभवी माणसाच्या देखरेखीखालीच मिळवा.

क्लबकडे रॉकेट नेताना किटचं पत्रक, भरलेल्या रॉकेटचं वजन, सीजीची पेन्सिलीची खूण, वापरलेल्या मोटरचा क्रमांक आणि स्लो-मोशन व्हिडिओ सोबत न्या. हे नसेल तर तपासणारा माणूस पहिल्या पायरीपासूनच सुरू करेल.